५० व्यासाच्या सिलिंडरची डेव्हलपमेंट १५५ की १५७?

तापीकाठची (चोपडा तालुका, सध्या जळगाव, होस्टेल)

नमस्कार मंडळी. मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत मराठी मिडियम. शाळेत जिला वृत्तचिती म्हणायचो ती आता सिलिंडर झाली आणि घडणीची (पृष्ठभाग उलगडून सपाट केलेल्या आकाराची) डेव्हलपमेंट झाली, इथपर्यंत मी पोचलेय. घोडं त्याच्या पुढे अडलंय.

गणित असं आहे. सिलिंडरचा व्यास ५० मिमी, उंची ७०, बेस एचपीवर (फरशीसारख्या आडव्या पातळीवर) टेकलेला. एक सेक्शन प्लेन (कापणारी सपाट पातळी) व्हीपीला (भिंतीसारख्या उभ्या पातळीला) काटकोनात आहे, एचपीशी ४५ अंश करतो आणि सिलिंडरच्या अक्षाला बेसपासून ४० मिमी उंचीवर कापतो. वरचा तुकडा काढून टाकायचा आणि खालच्याची डेव्हलपमेंट काढायची.

पहिला प्रयत्न: टॉप व्ह्यूत वर्तुळ काढलं, बारा भाग केले, रेषा वर फ्रंट व्ह्यूत नेल्या. तिथे ज्या उभ्या रेषा मिळाल्या त्यांच्यातलं अंतर जसंच्या तसं उचलून डेव्हलपमेंटमध्ये टाकलं, पुढच्या बाजूचं एकदा आणि मागच्या बाजूचं एकदा. एकूण लांबी आली १००. कापून गुंडाळून बघितली तर ५० च्या वर्तुळाला तिचा वेढाच पुरेना, तिसऱ्या भागाहून जास्त उघडं. म्हणजे हे चुकलं, एवढं माझं मलाच कळलं.

दुसरा प्रयत्न: कंपास टॉप व्ह्यूतल्या एका भागावर उघडला आणि सरळ रेषेवर बारा वेळा टाकला. लांबी १५५ आणि थोडी. माझ्या रूममेटने कॅल्क्युलेटरवर काढली, तिची १५७. दोघींची शीट समोरासमोर धरली तर फरक दिसतसुद्धा नाही. दोन्ही परत आल्या. माझ्यावर लाल पेनाने फक्त 'रीड्रॉ'. काय चुकलं ते विचारायला गेले तर मागे चाळीस जण उभे, माझा नंबर लागेपर्यंत तास संपला.

मला वाटतं वरच्या कडेत काहीतरी घोळ आहे. मी बिंदू पट्टीने जोडले होते. मग मैत्रीण म्हणाली की तिरपं कापलं की एलिप्स येतो, म्हणून रबर मारून वर अर्धा एलिप्स काढला. तोही बरोबर दिसत नाही.

आणि एक. यूट्यूबवर एकाने टॉप व्ह्यू वरती काढलाय आणि फ्रंट खाली. आमच्याकडे उलट. तो चुकतोय की आम्ही?

सोमवारी सबमिशन आहे. कृपया 'पुस्तक वाचा' असं सांगू नका, वाचलंय.

---

कॅडवाला_भुसावळ

पाय (π) गुणिले डी, म्हणजे व्यास. १५७.०८. विषय संपला. सॉफ्टवेअरमध्ये एका क्लिकवर उलगडतं, नोकरीला लागल्यावर ड्राफ्टर हातात धरणार नाही तुम्ही. टेन्शन घेऊ नका.

---

पत्रा_मिस्त्री (जळगाव)

ताई, तुमचं वाचलं आणि मला माझी बावीस-तेवीस वर्षांपूर्वीची शोभा आठवली. आधी ती सांगतो, उत्तर त्यातच आहे.

आयटीआयला शीट मेटल करून मी एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये लागलो होतो. काम डाळ मिलचं आणि जिनिंगचं. भुसा, धूळ, कापसाचा कचरा ओढून नेणारे डक्ट, सायक्लोन, हॉपर. एक दिवस उस्तादांनी सांगितलं, सहाशे व्यासाचा मीटरभर डक्ट आहे, पत्रा मार्क करून ठेव. मला वाटलं, आज दाखवूनच देतो. जमिनीवर खडूने सहाशेचं वर्तुळ काढलं, बारा भाग केले, मोठा डिव्हायडर एका भागावर उघडला आणि पत्र्यावर टकटक बारा टप्पे टाकले. कापला, रोलिंग मशीनमधून काढला, टॅक मारले. गोल असा सुरेख की बघत राहावं.

डक्ट ज्यात बसतो ती गोल कडी, फ्लँज, आधीच तयार होता. डक्ट त्यात घातला तर चहूबाजूंनी साडेतीन-चार मिमीची फट. एका बाजूला दाबला तर दुसरीकडे बोटाचं टोक जाईल एवढी. उस्ताद आले, टेप काढली, घेर मोजला. १८६३. हवा होता १८८५. माझ्याकडे बघून म्हणाले, "भो, पत्रा कमी पडना ना!" एवढंच. पण त्या वर्कशॉपमध्ये पुढे वर्षभर मला कोणी नावाने हाक मारली नाही. 'कमी पडना' हेच नाव.

ते बावीस मिमी गेले कुठे? डिव्हायडरने खाल्ले. डिव्हायडरची दोन टोकं एका बिंदूवरून दुसऱ्यावर सरळ उडी मारतात. पत्रा मात्र गोलाईने जातो. रस्त्याला वळण असलं की रस्त्यानं चालत गेलं तर अंतर जास्त आणि कोणाच्या वावरातून तिरपं गेलं तर कमी, तसं. तुम्ही बारा वेळा वावरातून गेलात.

तुमच्या ५० च्या वर्तुळात एका भागाची सरळ उडी आहे १२.९४ मिमी आणि गोलाईने अंतर आहे १३.०९. फरक ०.१५. हा तर पेन्सिलच्या रेघेत बुडून जातो. पण बारा वेळा जमा होऊन पावणेदोन मिमीच्या वर जातो, म्हणून तुम्हाला १५५.३ मिळाले आणि रूममेटला १५७.१. चूक टक्क्यात मोजायची, एक टक्का आणि वर थोडी. शीटवर ती दिसत नाही, सहाशेच्या डक्टच्या घेरात बावीस मिमी जातात आणि हजाराच्या टाकीत छत्तीस मिमी कमी पडतात. बारा ऐवजी चोवीस भाग केले तर उडी बारीक होते आणि तुमचं १५६.६ पर्यंत येतं. जवळ येतं, पण पूर्ण कधीच येत नाही.

म्हणून रूममेटचं बरोबर. आधी घेर काढा, मग त्याचे बारा भाग करा. भाग टाकत टाकत घेर गाठायला जाऊ नका.

भाग कसे करायचे तेही सांगतो, कारण १३.०९ पट्टीवर सापडत नाही. १३, १३ करत गेलात तर १५६ वर थांबाल. सगळी मापं एकाच टोकापासून घ्या: १३.१, २६.२, ३९.३, ५२.४, ६५.५, ७८.५. अशाने चूक साचत नाही. ७८.५ ला बरोबर अर्धं होतं, तिथून पुढे तेच परत. आम्ही पत्र्यावर सुतळी लावतो. घेराएवढी सुतळी दोनदा दुमडली की चार भाग, मग प्रत्येक चौथ्याचे तीन. शीटवर हवं तर शाळेतली युक्ती आहे, शून्यातून एक तिरकी रेघ काढून तिच्यावर बारा सारखे टप्पे, शेवटचा टप्पा १५७ ला जोडायचा आणि बाकीच्या समांतर.

आता तुमचा पहिला प्रयत्न, १०० वाला. तो मला आवडला, कारण त्यात खरी गोम आहे. फ्रंट व्ह्यूत त्या उभ्या रेषा मधे विरळ आणि कडेला दाट दिसतात. मधली अंतरं साडेबारा, मग ९.२ आणि अगदी कडेला ३.३. सिलिंडरवर त्या सगळ्या सारख्याच अंतरावर आहेत. कडेला पृष्ठभाग तुमच्यापासून वळून जातो म्हणून तिथलं अंतर दबलेलं दिसतं. टिनाच्या गोल डब्यावर उभे पट्टे असले की कडेचे पट्टे चिकटलेले दिसतात तसं. म्हणून फ्रंट व्ह्यूतून आडवं माप कधीच उचलायचं नाही. त्यातून फक्त उंची घ्यायची. त्या रेषा व्हीपीला समांतर आहेत, त्यामुळे त्यांची लांबी तिथे खरी दिसते. आणि घेर टॉप व्ह्यूतून, कारण वर्तुळ तिथे खरं दिसतं. एक माप एका घरून, दुसरं दुसऱ्या घरून.

तुमच्या गणितातल्या उंच्या अशा येतील: सगळ्यात बुटकी रेषा १५, मग १८.३, २७.५, ४०, ५२.५, ६१.७ आणि सगळ्यात उंच ६५. तिथून त्याच क्रमाने खाली. आता शेजारच्या दोघींमधला फरक बघा. ३.३, ९.२, १२.५, १२.५, ९.२, ३.३. ओळखीचे आकडे आहेत ना? पहिल्या प्रयत्नात तुम्ही जी अंतरं आडवी टाकली होती, ती इथे उभी लागतात. ४५ अंश असल्यामुळे हे असं जमतं. तीस अंश असता तर प्रत्येक आकडा थोडा दबला असता.

आणि हो, बिंदू पट्टीने जोडू नका. वरच्या शेंड्याला आणि खालच्या तळाला कड सपाट वळते, टोक येत नाही. शेजारच्या बिंदूशी फरक फक्त ३.३ आहे, त्यावरूनच कळतं. फ्रेंच कर्व्ह (वळणदार पट्टी) नसेल तर हलक्या हाताने काढा, पण शेंडा डोंगरासारखा टोकदार झाला की समजा चुकलं. तुमच्या शीटवर 'रीड्रॉ' बहुतेक याच्यासाठी असणार.

दुकानात गिऱ्हाईक उभं आहे, बाकी रात्री.

---

शिरपूर_एफवाय

काय दादा, एवढं काय. आमच्या बॅचमध्ये सगळे कंपासनेच टप्पे घेतात. पुस्तकातही तसंच दिलंय. कोणाची शीट परत आली नाही.

---

निवृत्त_ड्रॉइंगमास्तर (अमळनेर)

शिरपूरकर, पुस्तकात कंपासने टप्पे घेतलेले असतात हे खरं. बहुतेक वेळा जवळच 'अंदाजे' असा शब्दही असतो, तो मुलं वाचत नाहीत. मी एकतीस वर्षं शीट तपासल्या. १५५ आले म्हणून मी मार्क कापले नाहीत. मात्र मापाच्या रेषेवर घेर काय लिहिलाय ते बघायचो. १५५ काढून १५५ लिहिणाऱ्याला चूक कळलेली नाही. १५७ लिहून आकृती १५५ ची काढणाऱ्याला ती कळली आहे, पण तो आळशी आहे. मला दुसरा जास्त डाचायचा.

मिस्त्रींनी जे सांगितलं ते कुठल्याही वर्गात सांगण्यासारखं आहे. त्यांनी सोडलेले दोन धागे मी घेतो.

बाळ, तुझा यूट्यूबवाला चुकत नाही आणि तुम्हीही चुकत नाही. तो थर्ड अँगलमध्ये काढतो, अमेरिकेत ती पद्धत आहे. आपल्याकडे फर्स्ट अँगल. खोलीच्या कोपऱ्यात जा. समोरची भिंत म्हणजे व्हीपी, खालची फरशी म्हणजे एचपी, दोघी मिळतात ती रेघ म्हणजे एक्सवाय. भिंतीपुढे फरशीवर डबा ठेव. समोरून बघितलं तर त्याची आकृती मागच्या भिंतीवर पडते, वरून बघितलं तर खालच्या फरशीवर. आता भिंत आणि फरशी एकाच कागदावर आणायची म्हणून फरशी त्या रेघेवर बिजागरीसारखी खाली फिरव. टॉप व्ह्यू आपोआप रेघेखाली गेला. थर्ड अँगलमध्ये काचेची पेटी समज, वस्तू आत आणि तू बाहेर. चित्र तुझ्या बाजूच्या काचेवर उमटतं. वरची काच उघडली तर ती वरच जाणार. दोन्हींत वस्तू तीच असते, फक्त कागद कुठे धरला ते बदलतं. शीटच्या कोपऱ्यात कापलेल्या शंकूचं छोटं चिन्ह काढायला लावतात ते याचसाठी, कोणत्या पद्धतीने वाचायचं ते कळावं म्हणून. परीक्षेत तेवढं विसरू नकोस.

या सगळ्याची शिस्तशीर मांडणी केली ती फ्रान्सच्या गास्पार मोंज यांनी, अठराव्या शतकात. किल्ल्याच्या तटबंदीची गणितं त्यांनी आकडेमोडीऐवजी रेखाटनातून सोडवली आणि लष्कराने ती पद्धत बरीच वर्षं गुपित ठेवली. पॅरिसमध्ये उघड वर्गात शिकवायला त्यांना १७९५ उजाडलं. जी गोष्ट दुसऱ्या सैन्याला कळू नये म्हणून कडीकुलपात ठेवली, ती आज सोमवारच्या सबमिशनसाठी आहे. गंमत वाटते.

दुसरा धागा, एलिप्स. तुझी मैत्रीण बरोबर बोलली पण चुकीच्या ठिकाणी. तिरपं कापल्यावर जे तोंड उघडं पडतं ते एलिप्स. त्याची लहान बाजू ५०, लांब बाजू ७०.७. ते तोंड सपाट असतं, सेक्शन प्लेनमध्येच असतं. त्याची खरी आकृती वेगळ्या ऑक्झिलरी व्ह्यूत काढतात. डेव्हलपमेंटमध्ये आपण तोंड उलगडत नाही, भिंत उलगडतो. ती एलिप्सची कड भिंतीला चिकटलेली होती. भिंत सपाट केली की ती लाटेसारखी होते. गणितात जिला साइन वक्र म्हणतात, अगदी तीच.

हे नुसतं माझं ऐकून मानू नकोस. मी मुलांना हे घरी करायला लावायचो. स्टीलचा सरळ उभ्या भिंतीचा डबा घे. वरून पसरट होणारा पेला नको, तो शंकू झाला. आणि आपल्या भरताच्या वांग्यावर प्रयोग करायचा मोह झाला तर आवर, तो ना शंकू ना सिलिंडर. डब्याच्या आत कोरा कागद भिंतीला चिकटवून गुंडाळून बसव. हळदीचं पाणी अर्ध्यापेक्षा थोडं जास्त ओत, पण आधी उभ्या डब्यातली पातळी पट्टीने मोजून ठेव. मग डबा तिरपा कर, पाणी सांडू देऊ नकोस आणि तळ उघडा पडू देऊ नकोस. पटकन ओतून टाक, कागद काढून पसर. पिवळी कड काय आकाराची येते ते इथे लिही.

जाता जाता घेराबद्दल. आपल्या चाळीसगाव तालुक्यात पाटण आहे, पाटणादेवीचं. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी तिथे मठ स्थापला, त्याचा शिलालेख आहे. लीलावतीत भास्कराचार्यांनी घेर काढायची दोन मापं दिली आहेत. व्यास गुणिले ३९२७ भागिले १२५०, याला ते सूक्ष्म म्हणतात. आणि २२ भागिले ७, याला स्थूल, व्यवहारात चालण्याजोगं. तुझ्या ५० ला पहिलं लावलं तर बरोबर १५७.०८ येतं, दुसरं लावलं तर १५७.१४. या दोघांतला फरक पेन्सिलीच्या रेघेहून बारीक आहे, म्हणून शीटवर बावीस सप्तमांश खुशाल घे. कंपासचा फरक मात्र याच्या जवळजवळ तीसपट आहे. 'व्यवहारात चालतं' म्हणताना किती चालतं ते त्यांना ठाऊक होतं, शिरपूरकर.

---

शिरपूर_एफवाय

सर ओके. मी आळशी मध्ये येतो बहुतेक.

---

तापीकाठची

सर, मिस्त्रीदादा, केलं!

शनिवारी घरी आले होते. आईचा हिंग ठेवायचा स्टीलचा डबा रिकामा केला, आतून व्यास ६०. पट्टीने पातळी मोजली, ४३ मिमी. हळद जरा जास्तच पडली. डबा तिरपा केला, ओतला, कागद काढला, ओट्यावर पसरला. ओट्यावर पिवळा डाग पडलाय आणि आई म्हणतेय की इंजिनिअरिंगच्या नावाने माझा हिंग वाया गेला. डब्याला वास आहे तो आहेच.

पण कड बघा! पट्टीने जोडल्यासारखी अजिबात नाही. वर गोल, खाली गोल, मधे जरा सरळ उतरती. ओल थोडी वर चढली होती, पण हळदीची गडद रेघ वेगळी दिसत होती, ती धरली. सगळ्यात उंच ५८, सगळ्यात बुटकी २८. फरक ३०. मग मला वाटलं, यावरून मी डबा किती तिरपा धरला होता ते काढता येईल. ६० आडवं जाताना ३० चढतंय म्हणजे टॅन अर्धा, म्हणजे साडेसव्वीस अंशाच्या आसपास. मला वाटत होतं मी चांगला पंचेचाळीस धरलाय.

आणि ५८ आणि २८ ची सरासरी ४३. जेवढी पातळी उभ्या डब्यात होती तेवढीच! हे तुम्ही मुद्दामच मोजायला लावलं होतं ना सर? मी आधी मोजलं नसतं तर कळलंही नसतं.

म्हणजे माझ्या गणितात १५ आणि ६५ ची सरासरी ४०, जिथे प्लेन अक्षाला कापतो तेच. तर मग तिरपं कापलेल्या तुकड्याला जेवढा कागद लागतो तेवढाच ४० उंचीच्या सरळ सिलिंडरला लागेल का? वर जेवढा जास्त तेवढाच खाली कमी?

अजून एक शंका. जोड कुठे ठेवायचा? पुस्तकात बुटक्या रेषेपासून सुरुवात करतात, रूममेटने उंच रेषेपासून केली. तिची लाट उलटी दिसते, मधे खड्डा.

---

निवृत्त_ड्रॉइंगमास्तर

मुद्दामच. कागदाचं तू म्हणतेस ते बरोबर आहे. १५७.०८ गुणिले ४०. पाणी तळ सोडत नाही आणि वरून सांडत नाही तोवर हे जमतं. तसंच तुझा प्लेन वरच्या ७० च्या आणि खालच्या बेसच्या आत राहिला तर. तुझ्या आईला माझ्यातर्फे सॉरी सांग. जोडाचं मिस्त्रींनी सांगावं, माझा जोड नेहमी कागदावरच राहिला.

---

पत्रा_मिस्त्री

ताई, एक नंबर. तो पिवळा कागद वाळवून फाइलमध्ये लावा.

जोडाचं. दोन्ही बरोबर, रूममेटची लाट चुकीची नाही. तेच सिलिंडर दुसऱ्या रेषेवर उघडलं एवढाच फरक. पण बुटक्या रेषेवर उघडलं तर जोड १५ मिमीचा होतो, उंच रेषेवर उघडलं तर ६५ चा. जेवढा जोड लांब तेवढं वेल्डिंग जास्त, तेवढा घासायचा वेळ जास्त, तेवढी गळायची जागा जास्त. गणितात काही सांगितलं नसेल तर बुटकी रेषा घ्यायची ती यासाठी. पुस्तकवाल्याने कारण लिहिलं नसेल, पण रीत वर्कशॉपची आहे.

आता सरासरीवरून तुम्ही जे पकडलंत त्याचा आम्ही रोज पैसा करतो. काटकोनी एल्बो (पाइपाचं वळण) करायचा असला की दोन तुकडे लागतात, दोन्ही ४५ ला कापलेले. नवखा पोरगा दोन वेगळे पत्रे मार्क करतो आणि वरचा उरलेला पत्रा भंगारात टाकतो. तुम्ही १५७ लांब आणि ८० रुंद पट्टा घ्या, मधून तीच लाट एकदाच मारा. खालचा तुकडा एक, वरचा उरलेला तुकडा दुसरा, कारण वरच्याचीही सरासरी ४० च. खालच्याचा जोड बुटक्या रेषेवर येतो, वरच्याचा उंच रेषेवर. वरचा तुकडा गुंडाळून अर्धा फेरा फिरवला की दोन्ही तोंडं बसतात आणि एल्बो तयार. पत्रा शून्य वाया. शिवाय एक जोड पोटाकडे, दुसरा पाठीकडे, दोन जोड एका ओळीत येत नाहीत. ते आम्हाला हवंच असतं, तिथेच गळती लागते नाहीतर.

हवा किंवा भुसा जाणार असला तर दोन तुकड्यांचा एल्बो करत नाहीत, कोपऱ्यात माल अडकतो. मग तीन तुकडे करतात, काप साडेबावीसचा, नाहीतर चार, काप पंधराचा. लाट प्रत्येक वेळी चपटी होत जाते. पण हे तुमच्या सोमवारला नको.

पत्रा जाड असला की घेर आतल्या व्यासाने काढायचा नाही हेही पुढे कळेल. आत व्यास सहाशे आणि पत्रा १.६ चा तर ६०१.६ धरून घेर काढायचा. वाकताना आतली बाजू आवळते, बाहेरची ताणते, मधली जशीच्या तशी राहते. कागदाला जाडी नाही म्हणून तुमचं वाचलं.

कॅडवाले भाऊ, तुमच्या क्लिकला माझा विरोध नाही. आमच्याकडेही आता मुलगा लॅपटॉपवर काढतो आणि लेझरवाल्याकडे फाइल पाठवतो. मागच्या महिन्यात एक फाइल आली, लाट सुरेख, लांबी बाहेरच्या व्यासावर काढलेली. या वेळी पत्रा जास्त झाला. उस्ताद असते तर त्या मुलाचं नाव काय ठेवलं असतं विचार करतोय.

---

कॅडवाला_भुसावळ

मी गप्प.

---

तापीकाठची

नवी शीट काढली. घेर १५७, भाग एका टोकापासून, जोड बुटक्या रेषेवर, वरची कड हाताने. फ्रेंच कर्व्ह रूममेटकडे होता, पण शेंड्याला तो नीट बसत नव्हता.

आणि जुनी, 'रीड्रॉ' वाली शीट फेकली नाही. तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर १५७ बाय ८० चा पट्टा काढला, मधून लाट कापली, दोन्ही गुंडाळले, वरचा अर्धा फेरा फिरवला. बसला! काटकोनी एल्बो, टेबलावर उभा आहे. एका ठिकाणी अर्ध्या मिमीची फट आहे, ती कात्रीची. सेलोटेप संपली म्हणून पाठीकडचा जोड बोटाने धरून फोटो काढलाय, रूममेट म्हणतेय अंगठा आला फ्रेममध्ये.